दोन वर्षे म्हणतात, हातात असते एकच: कम्युनिटी कॉलेजमधून विद्यापीठात जाणाऱ्यांसाठी

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला जाणाऱ्या मुलांच्या घरी एक हिशेब ठरलेला असतो: दोन वर्षे इथे, दोन वर्षे विद्यापीठात, आणि पदवी शेवटी विद्यापीठाचीच. पदवीपुरता हा हिशेब बरोबर आहे, पण प्रवेशापुरता तो चुकतो. जो विद्यार्थी २०२६च्या फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, कॉलेज सुरू करील आणि २०२८च्या फॉलमध्ये विद्यापीठात जाऊ पाहील, त्याला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, म्हणजे यूसीचा, अर्ज २०२७च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरावा लागतो, आणि हमीच्या प्रवेशाचा अर्ज तर त्याही आधी, सप्टेंबरात. त्या दिवशी त्याच्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रिकेवर, पहिल्या वर्षाचे गुण असतात, जमल्यास एखाद्या समरचे, म्हणजे उन्हाळी सत्राचे, असतात, बाकी सारे ‘चालू आहे’ किंवा ‘घेणार आहे’ या सदरात मोडते. ज्याला हे पहिल्या आठवड्यात कळते तो निवांत असतो आणि ज्याला दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरात कळते तो तिसरे वर्ष काढतो. मी तिसरे वर्ष काढले आहे, तेव्हा पुढचे सगळे मी त्या दुसऱ्या गटाच्या वतीने लिहिते आहे असे समजावे.

आधी या वाटेविषयी थोडे. आपल्याकडे दहावीनंतर डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याची सोय आहे. ओळखीच्या आईवडिलांना समजावताना मी तेच उदाहरण देते, कारण ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर आयटीआय नाही तर नाइट कॉलेज उभे राहते. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला आणि कामाची वाटणी ठरवून टाकली. हायस्कूलमधील वरच्या एक अष्टमांश विद्यार्थ्यांतून यूसीने निवड करावी, वरच्या एक तृतीयांशातून कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने, म्हणजे सीएसयूने, आणि कम्युनिटी कॉलेजांनी दार सगळ्यांना उघडे ठेवून पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण द्यावे. तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जाता येणे हा त्या योजनेचाच भाग होता, ती मागच्या दाराची सवलत नव्हे. आज राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत, आणि यूसी ज्यांना ट्रान्सफर म्हणून, म्हणजे मधूनच तिसऱ्या वर्षाला, घेते त्यांच्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक विद्यार्थी याच कॉलेजांतून येतात.

डिप्लोमाच्या उदाहरणात एक गोष्ट मात्र फसवी आहे. डिप्लोमाला अभ्यासक्रम बोर्ड ठरवते, वेळापत्रक कॉलेज लावते आणि विद्यार्थी वर्गात जाऊन बसतो. इथे वेळापत्रक विद्यार्थ्याने स्वतः बांधायचे असते. त्याने चुकीचे विषय घेतले तरी त्याला कोणी अडवत नाही, उलट छान गुण मिळतात आणि चूक दीड वर्षाने उघडकीस येते.

असिस्टचे पान कसे वाचावे

कोणते विषय घ्यायचे याचे उत्तर कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये नसते, ते असिस्ट डॉट ऑर्ग या साइटवर असते. कोणत्या कॉलेजचा कोणता कोर्स कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या कोर्सच्या बरोबरीचा मानला जातो, याचे करार तिथे वर्षागणिक ठेवलेले असतात. आपले कॉलेज, जिथे जायचे ते विद्यापीठ आणि मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, निवडले की दोन रकाने समोर येतात. डाव्या रकान्यात विद्यापीठाचा कोर्स असतो, उजव्या रकान्यात त्याच्या बदल्यात आपल्या कॉलेजात जे घ्यायचे ते. हे पान घाईने वाचायचे नाही. उजवीकडे दोन कोर्सांच्या मध्ये ‘ऑर’ असेल तर एक पुरतो, ‘अँड’ असेल तर दोन्ही लागतात, आणि ‘अँड’ने जोडलेल्या तीनपैकी दोन केले म्हणून डावीकडच्याचे दोन तृतीयांश पदरात पडत नाहीत, काहीच पडत नाही. क्वार्टर पद्धतीच्या (समर सोडून वर्षात तीन टर्म) कॉलेजातून सेमिस्टर पद्धतीच्या (वर्षात दोन टर्म) यूसीच्या बर्कली कॅम्पसला जाणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. म्हणून कॅल्क्युलससारखी मालिका एका कॉलेजात सुरू केली तर तिथेच पुरी करावी; अर्धी इथे आणि अर्धी शेजारच्या सेमिस्टर कॉलेजात असे केल्यास दोन्ही अर्धे लटकतात.

उजवीकडे कधीकधी ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ एवढेच लिहिलेले सापडते. याचा अर्थ त्या कोर्सला आपल्या कॉलेजात तोड नाही. अशा वेळी दुसऱ्या कॉलेजांचे पान उघडून पाहावे, कारण राज्यातील कोणत्याही कम्युनिटी कॉलेजात, ऑनलाइनसुद्धा, एखादा कोर्स घेऊन तो जोडता येतो. तसेही काही नसेल तर तो विषय विद्यापीठात गेल्यावर करायचा असतो.

माझी चूक याच पानाशी निगडित आहे. कॅटलॉगमध्ये कोर्सच्या नावाखाली ‘यूसीला ट्रान्सफर होतो’ असे छापलेले असते. ते खरे असते, पण त्याचा अर्थ इतकाच की त्याची युनिट, म्हणजे पदवीसाठी जमवायचे श्रेयांक, यूसी मोजते. तो तुमच्या मेजरची अट पुरी करतो असे त्यात कुठेही म्हटलेले नसते. बहुतेक कॉलेजांत फिजिक्सच्या दोन मालिका असतात, एक कॅल्क्युलसवर आधारलेली आणि दुसरी साध्या बीजगणित-त्रिकोणमितीवर. दुसरी मालिका संध्याकाळी होती, माझ्या कामाच्या वेळेशी जुळत होती आणि शिकवणारे फार चांगले होते, म्हणून मी ती घेतली. युनिट मिळाली, ए मिळाला, आणि इंजिनिअरिंगच्या रकान्यात त्याची किंमत शून्य निघाली. कॉलेजच्या सल्लागाराने, म्हणजे काउन्सेलरने, विचारले नाही आणि मी दाखवले नाही. त्या कॉलेजचे नाव इथे महत्त्वाचे नाही, कारण हे कुठेही घडू शकते.

म्हणून पहिल्या आठवड्यात एक काम करावे. ज्या चार-पाच कॅम्पसचा विचार आहे त्यांची असिस्टची पाने छापून शेजारी शेजारी ठेवावीत आणि सगळ्यांना लागणारे कोर्स एका रंगाने, एखाद्यालाच लागणारे दुसऱ्या रंगाने खुणावेत. मेजर ठरलेले नसेल तर दोन मेजरची पाने ठेवावीत. ‘आधी जनरल एज्युकेशन, म्हणजे सर्वांना लागणारे सर्वसाधारण विषय, उरकू, मेजरचे मग पाहू’ हा सल्ला इतिहास किंवा समाजशास्त्राकडे जाणाऱ्याला चालतो. काँप्युटर सायन्स, इंजिनिअरिंग आणि शास्त्रशाखांना तो घातक आहे, कारण तिथे निवड मेजरच्या तयारीवर होते. जनरल एज्युकेशनसाठी २०२५च्या फॉलपासून कॅल-जेटसी हा एकच नमुना यूसी आणि सीएसयू दोघांनाही चालतो. तो ११ कोर्स आणि ३४ सेमिस्टर युनिटांचा आहे, आणि जुन्या मुलांच्या तोंडी असलेले ‘आयजेटसी’ हे नाव त्याच्या आधीच्या नमुन्याचे. त्याच सुमारास कोर्सांचे क्रमांकही सगळ्या कॉलेजांत सारखे करायला सुरुवात झाली, त्यामुळे जिथे तिथे वेगळ्या नावाने ओळखला जाणारा पहिला इंग्रजीचा पेपर आता इंग्लिश सी १००० झाला आहे. थोरल्या भावंडांच्या याद्या वापरताना हे लक्षात ठेवावे.

गणिताची शिडी

इंजिनिअरिंग किंवा काँप्युटर सायन्सला जाणाऱ्याचे सगळे वेळापत्रक गणिताच्या मागे फरपटत जाते. कुपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजचे उदाहरण घेऊ, कारण बे एरियातील मराठी घरांतून तिथे पुष्कळ मुले जातात. तिथे क्वार्टर पद्धत आहे. कॅल्क्युलसचे चार कोर्स, त्यानंतर डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जिब्रा. एकामागून एक घेतले तर सहा क्वार्टर, शेवटचे दोन एकत्र घेतले तर पाच. दोन वर्षांत समर सोडून क्वार्टर असतात सहा. म्हणजे पहिल्याच फॉलला कॅल्क्युलसने सुरुवात झाली तर शिडी जेमतेम पुरते, आणि प्रीकॅल्क्युलसने सुरुवात झाली तर समर खर्ची घालावे लागतात. फिजिक्सची मालिका कॅल्क्युलसला बांधलेली असते, तेव्हा गणित एक पायरी मागे पडले की फिजिक्सही मागे पडते.

पूर्वी प्रवेशावेळी गणिताची परीक्षा घेऊन विद्यार्थ्याला कुठल्या तरी खालच्या कोर्सात बसवत असत. २०१७च्या एबी ७०५ या कायद्यानंतर ती पद्धत गेली. आता हायस्कूलमधील गुणांवरून पातळी ठरते. महाराष्ट्रातून बारावी सायन्स करून आलेल्या मुलांना कॅल्क्युलस ओळखीचे वाटते आणि ‘हे तर येते’ म्हणून ते पुढच्या कोर्सात उडी मारण्याची वाट शोधतात. बारावीची कॉलेजची युनिट होत नाहीत, तेव्हा पहिल्यापासून सुरुवात करण्यात वेळ फुकट जात नाही. मात्र ओळखीचे वाटते म्हणून गृहपाठ न देणे महागात पडते, कारण इथे गृहपाठ, क्विझ आणि दोन-तीन मिडटर्म मिळून निम्म्याहून अधिक गुण आधीच वाटून झालेले असतात. शेवटच्या महिन्यात रात्र रात्र जागून भरून काढण्याची आपली सवय बारा आठवड्यांच्या क्वार्टरमध्ये कामाला येत नाही. तिसऱ्या आठवड्यात पहिली मिडटर्म समोर उभी असते.

नोंदणी आणि वेटलिस्ट

नोंदणीची तारीख प्रत्येकाची वेगळी असते आणि ज्याची युनिट जास्त त्याला आधी संधी मिळते. नवख्याने ओरिएंटेशन पूर्ण करून एज्युकेशन प्लॅन दाखल केला तर त्याची तारीख अलीकडे येते, म्हणून ही दोन कामे प्रवेश मिळताच करून टाकावीत. तरीही हवा तो वर्ग भरलेला असणारच. अशा वेळी वेटलिस्टवर नाव घालावे आणि पहिल्या तासाला न चुकता हजर राहावे.

तो पहिला तास पाहण्यासारखा असतो. पस्तीस-चाळीस खुर्च्या, भिंतीला टेकून उभी असलेली दहाबारा मुले आणि हातात यादी घेतलेले प्राध्यापक. नावे वाचली जातात, जो गैरहजर त्याच्या नावावर रेघ मारली जाते आणि रिकाम्या झालेल्या जागा वेटलिस्टच्या क्रमाने भरल्या जातात. ज्याचा क्रमांक लागतो त्याला एक अ‍ॅड कोड मिळतो, आणि तो मुदतीच्या आत पोर्टलवर टाकला तरच जागा पक्की होते. माझ्यासमोर एका मुलाला कोड मिळाला, त्याने तो वहीत नीट उतरवून घेतला, आणि दोन आठवडे मन लावून तासांना बसला. पोर्टलवर तो घालायचा राहिला होता. पहिल्या क्विझला त्याचे नाव यादीत नव्हते.

वर्ग सोडण्याच्या दोन तारखा कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवाव्यात. पहिल्या तारखेच्या आत सोडला तर ट्रान्स्क्रिप्टवर काहीच उमटत नाही. दुसऱ्या तारखेच्या आत सोडला तर ‘डब्ल्यू’ उमटतो, जो जीपीएत, म्हणजे चारपैकी काढलेल्या गुणांच्या सरासरीत, धरला जात नाही. त्यानंतर जो काही गुण मिळेल तो घ्यावाच लागतो. एखाददुसऱ्या डब्ल्यूने कोणाचे काही बिघडत नाही, आणि डी पडणार हे दिसत असताना केवळ मानापमानापायी वर्गात चिकटून राहण्यात शहाणपण नाही. डी किंवा एफ मिळालेला कोर्स पुन्हा घेता येतो, पण सी मिळालेला गुण सुधारण्यासाठी घेता येत नाही. म्हणूनच सी हा गुण डीपेक्षा कधीकधी अधिक अडचणीचा ठरतो, हे ऐकायला विचित्र वाटले तरी.

दिवस कसा जातो

या कॉलेजांना बहुतेक ठिकाणी होस्टेल नसते. मुले घरून येतात, तास करतात आणि कामाला किंवा घरी जातात. त्यामुळे कॉलेजचे जीवन म्हणून सिनेमात जे दाखवतात ते इथे आपोआप वाट्याला येत नाही, आणि पहिल्या काही महिन्यांत एकटेपणा जाणवतो. हायस्कूलचे मित्र सॅन डिएगोच्या समुद्रावरचे फोटो टाकत असतात आणि आपण पार्किंगमध्ये गाडीत बसून आईने दिलेली पोळीभाजी खात असतो. मी ती पुष्कळ खाल्ली. पुढे कळले की डबा गाडीत न खाता गणिताच्या ट्युटरिंग सेंटरबाहेरच्या बाकावर खाल्ला, तर आठवड्याभरात तिथे चार ओळखीचे चेहरे होतात. शिकवणी तिथे विनामूल्य असते, आणि शिकवणारा बहुधा मागच्या वर्षी तोच कोर्स केलेला, अर्जाच्या धामधुमीत असलेला विद्यार्थी असतो. गणिताइतकीच ट्रान्सफरची माहितीही त्याच्याकडे ताजी असते.

वर्गात सोबतीला कोण असेल याचा नेम नाही. एका बाकावर हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा कोर्स घेणारी सोळा वर्षांची मुलगी, शेजारी सैन्यातून परतलेला तिशीचा माणूस, आणि मागे एच-४ व्हिसावर नवऱ्याबरोबर आलेली, पुण्यात दहा वर्षे नोकरी करून आता इथे अकाउंटिंग शिकणारी बाई. गटाने करायच्या प्रोजेक्टला अशी वयाने मोठी माणसे मागून घ्यावीत, कारण ती वेळेवर येतात.

प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जाण्याचा संकोच आपल्या मुलांना फार असतो. सरांकडे अडचण घेऊन जाणे म्हणजे आपल्याला येत नाही अशी कबुली देणे, असे मनात कुठेतरी बसलेले असते. यूसीला शिफारसपत्र लागत नाही, पण काही खासगी विद्यापीठांना आणि बऱ्याच शिष्यवृत्त्यांना लागते, आणि ज्या प्राध्यापकाने तुमचा चेहरा कधी पाहिला नाही तो दोन ओळींपलीकडे काय लिहिणार? प्रश्न एकच न्यावा, पण सोडवण्याचा प्रयत्न केलेला कागद सोबत न्यावा.

काउन्सेलरची भेट प्रत्येक टर्मला घ्यावी, आणि ‘मी काय घेऊ?’ असे विचारायला रिकाम्या हाताने जाऊ नये. असिस्टची खुणावलेली पाने, आजवरचे कोर्स आणि पुढच्या टर्मचा स्वतः केलेला आराखडा पुढे ठेवावा आणि ‘यात काय चुकते आहे?’ असे विचारावे. काउन्सेलरच्या वाट्याला विद्यार्थी फार आणि वेळ अर्ध्या तासाचा, तेव्हा नेमका प्रश्न असेल तर उत्तरही नेमके मिळते. जे ठरले ते त्याच दिवशी ईमेलने त्यांना लिहून कळवावे. पुढच्या खेपेला दुसरे काउन्सेलर भेटले तर मागचे बोलणे कागदावर असते.

टॅग आणि अर्ज

यूसीचे पदवीचे कॅम्पस नऊ. त्यांपैकी डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी देतात. तिला टॅग म्हणतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यांत नाहीत. टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर या काळात, एकाच कॅम्पससाठी करता येतो. जीपीएची अट कॅम्पसनुसार तीनच्या आसपासपासून साडेतीनच्या जवळपर्यंत असते, आणि अर्ज करण्यापूर्वी साधारणपणे ३० सेमिस्टर किंवा ४५ क्वार्टर युनिट पूर्ण झालेली असावी लागतात. पहिल्या वर्षी ‘सवय होईपर्यंत दोनच कोर्स घेते’ असे म्हणणाऱ्याचे गणित इथे फसते. काँप्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंगसारखी काही मेजर काही कॅम्पसनी टॅगमधून वगळली आहेत. ती यादी दर वर्षी नव्याने पाहावी.

टॅग मंजूर झाला म्हणजे प्रवेश झाला असे नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात यूसीचा नेहमीचा अर्ज भरून त्यात तो कॅम्पस निवडावाच लागतो, नाहीतर हमी रद्द होते. माझ्या मते टॅग अशा ठिकाणी वापरावा जिथे जायला आपण खरोखर तयार आहोत. आवडीच्या वरच्या कॅम्पसना नेहमीच्या अर्जाने जाता येतेच. यूसीची किमान अट म्हणजे जाण्याआधीची स्प्रिंग, म्हणजे वर्षाची शेवटची टर्म, संपेपर्यंत ट्रान्सफर होणारी ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिट, त्यांत इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स, गणिताचा एक आणि इतर क्षेत्रांतले चार, सगळे निदान सी गुणाने, आणि जीपीए राज्यातील रहिवाशाला २.४, बाहेरच्याला २.८. या रेषेवर उभे राहून मागणीच्या मेजरला कोणी जात नाही. ही फक्त अर्ज करण्याची पात्रता. सीएसयूचे निराळे आहे. तिथे असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर, म्हणजे कम्युनिटी कॉलेजची ट्रान्सफरसाठीची दोन वर्षांची पदवी, पूर्ण केली की सीएसयूमध्ये कुठेतरी जागा निश्चित असते, कॅम्पस मात्र हवा तोच मिळेल असे नाही. यूसीच्या मागे लागलेली घरे याकडे उगाच नाक मुरडतात. इंजिनिअर आणि शिक्षक या राज्याला सीएसयूने दिले तितके दुसऱ्या कोणी दिले नसतील, असे मला वाटते.

अर्जातील चार लहान उत्तरे प्रत्येकी ३५० शब्दांच्या आत लिहायची असतात. एक सक्तीचे असते, आपल्या मेजरची तयारी कशी केली याविषयीचे, आणि उरलेली तीन सात प्रश्नांतून निवडायची. आपल्या मुलांची उत्तरे वाचताना दोन दोष वारंवार दिसतात. एकतर सगळे ‘आम्ही’मध्ये लिहिलेले असते, आमच्या टीमने केले, आमच्या क्लबने केले; किंवा आजोबांच्या कष्टांपासून सुरुवात होऊन अर्जदार शेवटच्या ओळीत अवतरतो. मागच्या फॉलला एका मुलीने मला मसुदा दाखवला, त्यात बांधिलकी, ध्यास, नेतृत्व असे सगळे होते आणि ती काय करते ते नव्हते. विचारल्यावर कळले की ती शनिवारी वडिलांच्या ओळखीच्या दुकानात बिघडलेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या तपासते आणि कुठली किती वेळ टिकली याची तिने दीड वर्षाची वही ठेवली आहे. वही ठेवायला कोणी सांगितले नव्हते. उत्तर त्या वहीवर लिहिले गेले.

एक गोष्ट लपवू नये. भारतात इंजिनिअरिंगचे एखादे वर्ष करून, कदाचित केटी लागलेले, इकडे आलेल्यांना ते वर्ष विसरून जावेसे वाटते. अर्जात आजवर शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचे नाव देणे बंधनकारक आहे आणि ते दडवल्याचे नंतर कळले तर मिळालेला प्रवेशही जातो.

पैसे आणि व्हिसा

राज्यातील रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजची फी सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर आहे, आणि २०१२पासून ती बदललेली नाही. म्हणजे ६० युनिटांचे २,७६० डॉलर. यूसीची एका वर्षाची फी, राहणे-जेवण सोडून, सुमारे १५ हजार डॉलर होते. पुस्तकांचा खर्च वेगळा, पण वेळापत्रकात पुस्तकखर्च नसलेले वर्ग खुणावलेले असतात ते आधी पाहावेत.

रहिवासी ठरण्यासाठी राज्यात टर्म सुरू होण्यापूर्वी एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य आणि कायम राहण्याचा हेतू दाखवावा लागतो. नोकरीनिमित्त आलेल्या आईवडिलांबरोबर एच-४ आणि एल-२ व्हिसावर असलेल्या मुलांना हे दाखवता येते, शिक्षणासाठीच्या एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला येत नाही. एच-४वर फेडरल आर्थिक साहाय्य मात्र मिळत नाही. आणि एच-४ वयाच्या एकविसाव्या वर्षी संपतो. ट्रान्सफरचे वय साधारण विसाव्या वर्षाचे, तेव्हा व्हिसा बदलण्याची तयारी अर्जाच्या वर्षीच वकिलाला विचारून सुरू करावी.

महाराष्ट्रातून थेट एफ-१ व्हिसावर कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांना युनिटमागे काहीशे डॉलर भरावे लागतात, तरी विद्यापीठाच्या मानाने ते स्वस्तच असते. त्यांनी पुढच्या दोन वर्षांचा आकडा आजच पाहावा, कारण यूसीत बाहेरच्यांना फीवर आणखी तीस हजारांहून अधिक डॉलर दर वर्षी भरावे लागतात. प्रत्येक टर्मला १२ युनिट घेणे सक्तीचे असते, त्यात ऑनलाइन एकच कोर्स धरला जातो, आणि टर्म चालू असताना कॅम्पसवरचे काम आठवड्याला २० तासांपर्यंतच करता येते. मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये ‘विद्यापीठ सोडून कम्युनिटी कॉलेज का?’ असे विचारले गेल्यास, असिस्टची पाने वाचलेल्या विद्यार्थ्याकडे सांगण्यासारखे असते.

अर्जानंतर

डिसेंबरात हायसे वाटते आणि जानेवारीत मुले विसरतात. यूसी जानेवारीत अपडेट मागते. फॉलचे गुण आणि स्प्रिंगचे कोर्स ३१ जानेवारीपर्यंत त्यात भरायचे, काही बदललेले नसले तरी. निकाल बहुतेक एप्रिलअखेर लागतात, आणि १ जूनपर्यंत एका कॅम्पसला होकार कळवायचा असतो. या काळात स्प्रिंगचा एखादा कोर्स जड जातो म्हणून परस्पर सोडू नये. प्रवेश अर्जात लिहिलेल्या कोर्सांवर दिलेला असतो, आणि बदल करायचा तर आधी कॅम्पसला कळवावे लागते.

शेवटचे काम अधिकृत ट्रान्स्क्रिप्टचे, १ जुलैपर्यंत. शिकलेल्या प्रत्येक कॉलेजातून ती पाठवायची, ज्या कॉलेजात एकच ऑनलाइन समर कोर्स केला तिथूनसुद्धा, आणि त्यासोबत कॅल-जेटसी पूर्ण केल्याचा दाखला मागायचा. मागणी करताना फॉर्मवर एक लहानसा चौकोन असतो, ‘गुण जाहीर होईपर्यंत थांबवावे’ अशा अर्थाचा. तो चौकोन न भरता मी जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रान्स्क्रिप्ट मागवली, आणि स्प्रिंगचे सगळे रकाने रिकामे असलेला कागद सीलबंद पाकिटातून विद्यापीठात पोहोचला. दुसऱ्यांदा पैसे भरून, दोन फोन करून ते निस्तरले. तेव्हा स्प्रिंगचे गुण पोर्टलवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत, पदवी घेतली असल्यास तिची नोंद उमटली आहे का तेही पाहावे, आणि मगच ‘पाठवा’वर बोट ठेवावे.